बाईकला विंडशील्ड लावायची की नाही? वारा, आवाज आणि पैशांचं साधं गणित

नवीन बाईक घरी आली की महिन्याभरात ॲक्सेसरीजचा शोध सुरू होतो. आधी मोबाईल होल्डर, मग क्रॅश गार्ड, मग फॉग लाईट आणि शेवटी विंडशील्ड. ऑनलाइन शोधलं तर काही शे रुपयांपासून हजारोंपर्यंत माल दिसतो. रिव्ह्यू वाचायला गेलं तर आणखी गोंधळ. एक जण म्हणतो "पैसा वसूल", दुसरा त्याच काचेला एक स्टार देऊन म्हणतो "डोकं गदागदा हलतं". गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असू शकतात. असं का, आणि तुमच्या बाईकला विंडशील्ड लागते का, हे आज सोप्या भाषेत समजून घेऊया.

वारा किती जोरात ढकलतो?

सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की हवेचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. आणि तो जोर तोडायला इंजिनला लागणारी ताकद आठपट होते.

एक अंदाजी हिशेब करू. सरळ बसलेल्या रायडरचा वाऱ्यासमोर येणारा भाग साधारण अर्धा चौरस मीटर धरला, तर अंगावर येणारा जोर असा निघतो:

- ताशी 40 किमी: सुमारे 4 किलो वजनाइतका
- ताशी 60 किमी: सुमारे 8.5 किलो
- ताशी 80 किमी: सुमारे 15 किलो
- ताशी 100 किमी: सुमारे 24 किलो

तुमची उंची, जॅकेट आणि बसण्याची पद्धत यानुसार आकडे थोडे बदलतील. पण मुद्दा लक्षात आला असेल. शहरात 40 च्या वेगाने वारा जाणवतही नाही. हायवेवर 80 ने दोन तास चालवलं, तर तेवढा वेळ कुणीतरी छातीवर 15 किलोचा जोर लावून बसलंय आणि तुम्ही मान, खांदे आणि मनगटांनी तो सहन करताय. लांबच्या राईडनंतर अंग का मोडून येतं, त्याचं एक मोठं कारण हेच.

विंडशील्ड नेमकं काय करते?

विंडशील्ड वारा थांबवत नाही, वळवते. छातीवर येणारी हवा काचेवरून वर आणि बाजूला जाते. छातीवरचा भार कमी होतो. पावसाचे थेंब अंगावर थेट आपटत नाहीत. थंडीतही फरक पडतो. हवेचं तापमान 10 अंश असेल आणि तुम्ही 80 ने जात असाल, तर उघड्या त्वचेला ते साधारण 4-5 अंशांसारखं वाटतं. डिसेंबरच्या पहाटे नाशिकहून निघालेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत क्रेग व्हेटर यांची 'विंडजॅमर' ही बाहेरून बसवायची फेअरिंग 1970 च्या दशकात लांबच्या रायडर्समध्ये खूप लोकप्रिय झाली. 1976 मध्ये बीएमडब्ल्यूने आर 100 आरएस ही बाईक आणली. तिची पूर्ण फेअरिंग विंड टनेलमध्ये तपासून बनवली होती. आपल्याकडे पुण्याच्या बजाजने 2021 मध्ये डोमिनार 400 ला उंच काच आणि टूरिंगच्या इतर वस्तू कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली.

मग डोकं का हलतं?

आता त्या एक स्टारवाल्या रिव्ह्यूकडे येऊ. काचेवरून वर गेलेली हवा वरच्या कडेशी काचेपासून सुटते. सुटताना ती गुळगुळीत राहत नाही, तिच्यात भोवरे तयार होतात. नदीच्या पाण्यात खडकामागे भोवरे दिसतात ना, तसेच. हे भोवरे नेमके हेल्मेटवर येऊन आदळले की डोकं थरथरतं आणि कानात धडधड ऐकू येते. इंग्रजीत याला बफेटिंग म्हणतात.

म्हणजे काच नसताना डोक्यावर जोराची पण एकसारखी हवा येत होती. काच लावल्यावर जोर कमी झाला, पण हवा खवळलेली आली. साडेपाच फुटी माणसासाठी भोवरे हेल्मेटच्या वरून निघून जातात, सहा फुटी माणसाच्या बरोबर कानावर येतात. त्यामुळेच एकाच बाईकला लावलेली एकच काच एकाला भारी वाटते आणि दुसऱ्याला डोकेदुखी.

खरा धोका कानाला आहे

हा मुद्दा आपल्याकडे फारसा कुणी बोलत नाही, म्हणून जरा थांबून वाचा. ताशी साधारण 65 किमीच्या पुढे हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज इंजिनच्या आवाजावर मात करतो. 80 ते 100 च्या वेगात हेल्मेटच्या आत 90 ते 100 डेसिबल आवाज मोजला गेला आहे. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबल आवाज दिवसात 8 तास चालू शकतो. त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. 94 ला फक्त एक तास आणि 100 ला अवघी 15 मिनिटं!

यातला मोठा भाग हेल्मेटभोवती घासत जाणाऱ्या हवेचा असतो. त्यामुळे चुकीच्या उंचीची काच हा आवाज वाढवूही शकते. महागडं सायलेन्सर किंवा इंजिन ऑइल बदलून इथे काही उपयोग नाही.

आणि आपण काय करतो? वाऱ्यात गाणं ऐकू येत नाही म्हणून इअरबड्सचा आवाज आणखी वाढवतो. म्हणजे 90-95 डेसिबलच्या वर आणखी आवाज. कानाच्या आतल्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. विशीत सुरू झालेली कानातली शिट्टी आयुष्यभर सोबत राहू शकते. हायवेवर फोमचे साधे इअरप्लग नीट बसवले, तर वाऱ्याचा आवाज बराच खाली येतो. हॉर्न ऐकू येतो, फक्त सगळंच हळू होतं. मेडिकलमध्ये मिळणारी ही वस्तू विंडशील्डच्या कितीतरी पट स्वस्त आहे.

मायलेज वाढतं का?

विक्रेते सांगतात तेवढं नाही. काचेमागे तुम्ही नीट झाकले गेलात तर हवेचा विरोध थोडा कमी होऊ शकतो. पण रुंद आणि उभी काच उलट वारा अडवते आणि पेट्रोल जास्त खाते. शहरातल्या वेगात तर फरक कळणारही नाही. निव्वळ मायलेजसाठी विंडशील्ड घेऊ नका. त्यापेक्षा वेग 90 वरून 75 वर आणा. हवेचा विरोध 30 टक्के कमी होतो, तोही फुकटात.

आपल्या रस्त्यांवर काय उपयोगी?

मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. चौपदरी दुभाजक असलेल्या रस्त्यावर केंद्राने ठरवलेली बाईकची कमाल वेगमर्यादा 80 आहे. म्हणजे युरोपातल्या 130 च्या वेगासाठी बनलेली भलीमोठी काच आपल्याला लागतच नाही. मध्यम काच पुरते.

ऋतूचाही विचार करा. कोकणातल्या दमट उकाड्यात अंगावर येणारा वारा हाच एसी असतो, उंच काच तोच बंद करते. विदर्भात 45 अंशांत हवाच त्वचेपेक्षा गरम असते, त्यामुळे उघड्या अंगावरची झळ कमी झालेली बरी. पण जाळीचं जॅकेट वापरत असाल तर त्यात थोडी हवा जायलाच हवी. पावसाळ्यात रात्री काचेवरच्या थेंबांत समोरच्या गाडीची लाईट फुटते आणि घाटात काही दिसेनासं होतं. म्हणून काचेतून नाही, काचेच्या वरून रस्ता दिसला पाहिजे.

घेण्याआधी हे तपासा

- उंची: बाईकवर नेहमीसारखं बसा. काचेची वरची कड नाक-हनुवटीच्या आसपास असावी, डोळ्यांसमोर नको.
- चाचणी: काच आधीच असेल तर मोकळ्या रस्त्यावर, दोन्ही हात हँडलवर ठेवून, थोडं खाली वाका. शांत वाटलं तर काच थोडी उंच हवी. उलट, पाठ ताठ करून उंच बसल्यावर शांत वाटलं तर काच कमी उंचीची चालेल. वेगासाठी मोबाईलचा जीपीएस स्पीड बघायचा असेल तर तो मागे बसलेल्या मित्राने बघावा.
- जोडणी: हँडलला जोडलेली काच आडवा वारा थेट स्टिअरिंगला देते. ट्रक शेजारून गेला की हँडल ओढल्यासारखं वाटतं. चासी किंवा हेडलाईटच्या फ्रेमला पक्की बसणारी काच जास्त स्थिर.
- मटेरियल: पॉलिकार्बोनेट सहज फुटत नाही पण त्यावर चरे लवकर पडतात. ॲक्रिलिकवर चरे कमी, पण जोरात मार बसला तर तडकतं. दोन्ही पेट्रोलपासून आणि अमोनियावाल्या काच-क्लीनरपासून लांब ठेवा. साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरे.
- रंग: गडद काळी काच दिसायला भारी, रात्री बेकार.

काचेमागे मोबाईल सुरक्षित असतो का?

पावसापासून थोडा, बाकी नाही. काचेमागे हवा कमी लागते, त्यामुळे उन्हात फोन उलट जास्त तापू शकतो. आयफोन वापरण्यासाठी ॲपलने हवेचं तापमान 35 अंशांपर्यंत सांगितलं आहे, आपला एप्रिल तेवढ्यावर थांबत नाही. शिवाय इंजिनची थरथर होल्डरमधून फोनपर्यंत पोचतेच. त्यामुळे कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं, असा इशारा ॲपलने 2021 मध्ये दिला होता. व्हायब्रेशन डॅम्पर असलेला होल्डर घ्या.

थोडक्यात सांगायचं तर

कॉलेज, ऑफिस आणि घर एवढंच चालवत असाल तर विंडशील्ड विसरा, पैसे चांगल्या हेल्मेटवर घाला. महिन्यातून एक-दोनदा हायवे असेल तर आधी इअरप्लग वापरून बघा. दर आठवड्याला शंभर-दोनशे किमी जात असाल, तर मध्यम उंचीची आणि शक्यतो वर-खाली करता येणारी काच घ्या. इअरप्लग तेव्हाही ठेवाच. आणि काच लावली म्हणून हेल्मेटची काच उघडी ठेवून चालवू नका. उडालेला खडा किंवा किडा विंडशील्डच्या वरूनही डोळ्यात येतो.

तुमच्या ग्रुपमध्ये कुणी या आठवड्यात विंडशील्ड ऑर्डर करणार असेल, तर पैसे भरण्याआधी त्याला हा लेख नक्की पाठवा.