क्लच नवा, फ्लायव्हील जुनं

‘क्लच सेट नवा टाकला की काम झालं, फ्लायव्हीलला काही होत नसतं,’ हे वाक्य गॅरेजात सर्रास ऐकू येतं. पण क्लच प्लेट दोन्ही बाजूंनी घासते, एकीकडे प्रेशर प्लेटवर आणि दुसरीकडे फ्लायव्हीलवर. सेटमधून प्रेशर प्लेट नवी येते. फ्लायव्हील बहुधा बिडाचं आणि तेच जुनं राहतं. चढावर गाडी ब्रेकऐवजी हाफ क्लचवर धरून ठेवायची सवय असेल, तर ते ठिकठिकाणी ७०० अंश सेल्सिअसच्या वर तापतं. तापलेला भाग झटकन थंड झाला की तिथल्या धातूची रचनाच बदलते आणि निळसर, कडक डाग पडतात. भोवतालचं मऊ बीड झिजतं, डाग मात्र उंच राहतात. नवी प्लेट त्या उंचवट्यांवरच टेकते आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना थरथरते. ‘चालवून चालवून बसेल’ म्हणावं, तर झिजते ती प्लेटच, डाग नव्हे. पॉलिश पेपरने वरची चकाकी तेवढी जाते. लेथवरचं टूलही कडक डागावरून उडी मारून जातं, म्हणून अशा फ्लायव्हीलला दगडाचं ग्राइंडिंगच बरं.

घासून पातळ केलं तर क्लचची पकड जाईल, ही शंका मात्र अगदीच पोकळ नाही. सपाट फ्लायव्हीलवर प्रेशर प्लेटचं कव्हर त्याच पातळीवर बसतं. सगळा चेहरा सारखा उतरवला की कव्हरही तेवढंच आत सरकतं आणि स्प्रिंगचा दाब बदलत नाही. घासणारा भाग खोलात असलेल्या फ्लायव्हीलमध्ये तेवढाच भाग उतरवला, तर दाब खरोखर घटतो. तिथे कव्हर बसण्याची कडाही तितकीच उतरवावी लागते. कंपनीने दिलेल्या किमान जाडीच्या खाली गेलेलं किंवा खोल तडे पडलेलं फ्लायव्हील बदलायचंच. आणि १९८५पासून गाड्यांत येऊ लागलेलं, आज अनेक डिझेल गाड्यांत असणारं ड्युअल मास फ्लायव्हील सहसा मशीनवर चढवायचंच नसतं. त्याची ढिलाई मोजायची आणि मर्यादेबाहेर असेल तर नवं घ्यायचं.

मग दरवेळी ग्राइंडिंग कराच, असं सांगणंही तितकंच आंधळं. डाग नाहीत, तडे नाहीत, डायल गेजवर डगमग मर्यादेत आहे, तर स्वच्छ पुसून पुन्हा बसवावं. मजुरी मुख्यतः गिअरबॉक्स उतरवण्याची असते. तो खाली आलाच आहे, तर ही तपासणी स्वस्तातच होते. त्याच वेळी क्रँकचं मागचं ऑइल सीलही बघावं, कारण तिथून तेल झिरपत असेल तर ग्राइंडिंग केलेल्या फ्लायव्हीलवरही नवी प्लेट थरथरेल.