कातळाखालची चीर

उन्हाळ्यात मुखेडच्या काळ्या रानात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचा पाऊस झाला की बुजून जातात. विभंग म्हणजे अशीच एखादी मोठी भेग, हा समज सार्वत्रिक आहे. पण नुसत्या भेगेला विभंग म्हणत नाहीत. तिच्या दोन्ही अंगांचे खडक एकमेकांना घासून सरकले असतील तरच तो विभंग. ते कसे सरकले, यावरून तिथली जमीन ताणली जातेय की दाबली जातेय, हे कळते. ताण असेल तर तिरप्या चिरेवरचा खडक खाली घसरतो. हा सामान्य विभंग. दाब असेल तर तोच खडक वर चढतो. हा व्युत्क्रम विभंग. तिसऱ्या प्रकारात खडक एकमेकांशेजारून आडवे सरकतात. 1967 साली कोयनेच्या भूकंपात तसे घडले. मराठवाड्याचा प्रकार दुसरा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत 6.2 तीव्रतेचा धक्का बसला, तो खडक वर चढल्याने. भारतीय भूखंड उत्तरेला सरकत हिमालयाला रेटतो आहे आणि त्या रेट्याचा दाब दख्खनच्या पोटातही साठतो.

मग आपला कातळ एवढा टणक, त्याचे काय? हा भरवसा तेव्हाच्या भूकंप-नकाशातही होता. किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. भूकंपानंतर तिथे 617 मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा काळा कातळ 338 मीटरांतच संपला आणि खाली फार जुना ग्रॅनाइटी खडक लागला. धक्का उगम पावला तो त्याहूनही काही किलोमीटर खोल. म्हणजे काळा कातळ हे नुसते झाकण. मुखेडहून देगलूरकडे गेले की हे झाकण विरत जाते आणि तळचा ग्रॅनाइट उघडा दिसतो.

या भूकंपासाठी किल्लारीजवळच्या माकणीच्या धरणाकडे बोट दाखवणारेही आहेत. कोयनेत जलाशयाचा भूकंपाशी संबंध बहुतेक अभ्यासक मानतात. किल्लारीबाबत एकमत नाही. पाण्याने फार तर निमित्त दिले असेल, दाब आधीचाच होता. आणि विभंग वरून दिसतच नसेल तर प्रकार जाणून उपयोग काय, हा आक्षेप रास्त आहे. त्यावरून पुढच्या धक्क्याची तारीख निघत नाही, गावही कळत नाही. मात्र नेमकी चीर ठाऊक नसल्यामुळेच एका गावाला धोक्याचे आणि शेजारच्याला निर्धास्त म्हणता येत नाही. किल्लारीत माणसे जमिनीच्या भेगेत पडून नव्हे, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचे जड माळवद अंगावर कोसळून गेली. दारे-खिडक्यांच्या डोक्यावरून चारी भिंतींना बांधून घेणारा सळईचा काँक्रीट पट्टा चीर कुठे आहे हे विचारत नाही, आणि त्याचा खर्च सबंध घराच्या मानाने किरकोळ असतो.