न झिजणारी वस्तू

लग्नसराईत आमच्या गावातल्या छापखान्यात पाय ठेवायला जागा नसते. कोपऱ्यातल्या जुनाट कॉम्प्युटरवर पेजमेकर 7.0 उघडलेलं असतं. ही 2001 सालची आवृत्ती. अ‍ॅडोबीनं त्यानंतर पेजमेकरची नवी आवृत्ती काढलीच नाही. तरी 'आमचे येथे श्रीकृपेकरून' अजून तिथेच जुळतं. मालकांचे वडील हीच ओळ शिशाच्या खिळ्यांनी जुळवायचे. छापून छापून खिळे झिजत, काने-मात्रे तुटत, आणि फाउंड्रीतून नवा टाइप मागवावा लागे. पडद्यावरची वेलांटी मात्र वीसहून अधिक वर्षांत केसभरही झिजलेली नाही.

मला याचं अजून नवल वाटतं. लोखंडाला गंज चढतो, लाकडाला वाळवी लागते. सॉफ्टवेअर पहिल्या दिवशी होतं तसंच राहतं. घेणाऱ्याला हे सुखाचं, बनवणाऱ्याला तितकंच अडचणीचं. त्याचा सगळ्यात चिवट प्रतिस्पर्धी म्हणजे त्यानंच मागे विकलेला माल.

रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञानं 1972 मध्ये एका छोट्याशा निबंधात अशाच एका कोड्याला हात घातला होता. समजा, देशातली सगळी जमीन एकाच माणसाची आहे. स्पर्धक कुणी नाही, म्हणजे तो मागेल तो भाव मिळेल, असं वाटतं. पण चढ्या भावानं थोडी विकली, की उरलेली जरा स्वस्तात काढायचा मोह त्याला होणारच. गिऱ्हाईक हे ओळखून थांबतं. टिकाऊ वस्तूचा मक्तेदार असा स्वतःशीच स्पर्धा करत बसतो. यातून सुटण्याची एक वाटही कोस यांनी सांगितली होती: विकू नका, भाड्यानं द्या. दुकानातून घरी न्यायचं सॉफ्टवेअर तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं!

मे 2013 मध्ये अ‍ॅडोबी याच वाटेला लागली. क्रिएटिव्ह सूटची सहावी आवृत्ती शेवटची, यापुढे फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर, असं तिनं जाहीर केलं. सगळ्या साधनांचा संच अमेरिकेत 2,599 डॉलरना मिळत होता. वर्गणी महिन्याला 50 डॉलर. भागाकार केला तर बावन्न महिने होतात, म्हणजे चार वर्षं आणि वर चार महिने. नव्यानं धंद्यात उतरणाऱ्या चित्रकाराला एकरकमी अडीच हजार कुठून आणायचे ही चिंता उरली नाही, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. तरीही हजारो लोकांनी निषेधाच्या निवेदनावर सह्या केल्या. मला त्यांचं म्हणणं पटतं, कारण प्रश्न नुसत्या पैशांचा नव्हता.

बाजारात गिऱ्हाइकाची सगळी ताकद त्याच्या 'नको'मध्ये असते. जुनी प्रत हाताशी असली, की 'नको' म्हणणं सोपं. नवी आवृत्ती आवडली नाही? जुनीवर काम चालू. त्यामुळे नवी खरोखरच सरस असावी लागे. वर्गणीत 'नको' म्हटलं, की हत्यारच हातातून जातं, आणि त्यानं वर्षानुवर्षं घडवलेल्या फायली उघडायच्या कशानं, हा घोर लागतो. दुसरं सॉफ्टवेअर घ्यायला कुणाची आडकाठी नाही, हे खरं. पण सोडून जायला किती किंमत पडते, ते पाहिल्याशिवाय त्या निवडीला मी मोकळी म्हणणार नाही.

तडजोडीही निघाल्या. प्रागच्या जेटब्रेन्सनं सप्टेंबर 2015 मध्ये प्रोग्रामरांसाठीची आपली साधनं वर्गणीवर न्यायचं ठरवलं. प्रोग्रामर खवळले, आणि त्याच महिन्यात कंपनीनं नियम बदलला: सलग बारा महिने वर्गणी भरा, ते वर्ष सुरू होताना जी आवृत्ती होती ती कायमची तुमची. केवढी साधी युक्ती! 'नको' म्हणणाऱ्याच्या हातात हत्यार राहिलं.

ब्लेंडरची गोष्ट तर मी कितीही वेळा सांगेन. त्रिमितीय चित्रं घडवणारं हे सॉफ्टवेअर. 2002 मध्ये त्यामागची डच कंपनी बुडाली. ब्लेंडरचे जनक टॉन रोसेनदाल यांनी गुंतवणूकदारांशी बोलणी केली: एक लाख युरो दिले, तर मूळ कोड सगळ्यांसाठी खुला. वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत ती रक्कम उभी केली आणि त्याच ऑक्टोबरात कोड खुला झाला. पुरात नावेतून वाहत निघालेल्या मांजराचा 'फ्लो' हा चित्रपट, ज्यात एकही संवाद नाही, याच ब्लेंडरमध्ये घडला आणि 2025 मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. ब्लेंडर आजही फुकट आहे. तरी त्याच्या विकासासाठी दरमहा पैसे देणारे पुष्कळ आहेत, आणि न देणाऱ्याचं काहीच अडत नाही. गणपतीला आपण काढतो, तशी ही वर्गणी.