ड्रोन आणि हलकें विमान

उरणजवळच्या द्रोणागिरी डोंगराविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, लक्ष्मणासाठीं संजीवनी घेऊन जाणाऱ्या मारुतीच्या हातांतील पर्वताचा एक तुकडा येथें गळून पडला. या नांवांतील ‘द्रोण’ आणि अलीकडच्या युद्धांमुळें सर्वतोमुखीं झालेला ‘ड्रोन’ यांत उच्चारसाम्याखेरीज कांहीं नातें नाहीं. ड्रोन या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ मधमाशांतील नर असा आहे. वैमानिकावांचून उडणारें विमान या अर्थानें तो आतां रूढ झाला आहे.

तरीही या दोहोंचा एकत्र विचार करण्यास कारण घडलें आहे. ७ मे २०२५ रोजीं देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. तिच्यासाठीं महाराष्ट्रांतील ठिकाणांचे तीन वर्ग पाडले होते, आणि पहिल्या वर्गांत मुंबई, तारापूर व उरण अशीं तीनच नांवें होतीं. याचें कारण द्रोणागिरीच्या माथ्यावरून पाहणारास सहज उमगतें. मुंबई हाय येथील तेल व वायु ज्या प्रकल्पांत येतो तो येथेंच आहे. वायूवर चालणारें वीजकेंद्र, १९८९ सालीं सुरू झालेलें न्हावा-शेवा बंदर आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं उद्घाटन झालेला उलव्याजवळचा विमानतळ हींही याच टापूंत आहेत. त्यांच्या सान्निध्यांत हजारों कुटुंबें राहतात.

तालमीनंतर लगेच, ८ व ९ मे यांमधील रात्रीं, लेहपासून सर खाडीपर्यंत ३६ ठिकाणीं तीनशें ते चारशें ड्रोन पाकिस्तानकडून आल्याचें भारत सरकारनें जाहीर केलें. असें अस्त्र समुद्रावरून आलें तर त्यास अडवावें कसें, हा प्रश्न म्हणूनच केवळ सैनिकांपुरता राहिलेला नाहीं.

युक्रेनच्या युद्धांत जो शाहेद जातीचा ड्रोन फार वापरला गेला, तो वजनानें सुमारें दोनशें किलो असून त्यांत सामान्यतः पन्नास किलोंच्या आसपास स्फोटक असतें. त्याचा वेग ताशीं सुमारें १८० किलोमीटर, म्हणजे मोटारगाडीहून फारसा अधिक नाहीं. त्याची किंमत वीस ते पन्नास हजार डॉलर अंदाजिली जाते. उलट, पेट्रियट पद्धतीचें एक प्रक्षेपणास्त्र सुमारें चाळीस लाख डॉलरांस पडतें. दहा रुपयांच्या वस्तूवर हजार रुपये खर्चणारा धनी, विजय मिळवूनही, अखेर दिवाळखोर होतो.

मग जेट लढाऊ विमान कां धाडूं नये? अडचण अशी कीं, तें अतिवेगवान आहे. इतक्या मंदगति भक्ष्याच्या मागें त्यास टिकून राहतां येत नाहीं. नेम धरतांच तें पुढें निघून जातें. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्यें युक्रेनच्या एका मिग-२९ विमानावर, त्यानेंच पाडलेल्या ड्रोनचे अवशेष आदळले आणि वैमानिकास हवाई छत्रीनें उडी घ्यावी लागली.

यावर युक्रेननें जुन्या वस्तूचा नवा उपयोग शोधला. याक-५२ हें वैमानिकांच्या शिक्षणासाठीं बनविलेलें, पंख्यावर चालणारें दोन आसनांचें विमान. त्याचें इंजिन ३६० अश्वशक्तीचें. २०२४ पासून ओदेसाच्या परिसरांत पुढें वैमानिक व मागें बंदूकधारी असें हें विमान टेहळणी ड्रोनच्या बाजूस जाऊन त्यांस पाडूं लागलें. बरोबरीच्या वेगानें चालणाऱ्या दोन वस्तू एकमेकींस जवळजवळ स्थिर भासतात. या शिकारीचें रहस्य तेवढेंच आहे.

परंतु या उपायाची मर्यादा साध्या गणितानें कळते. ड्रोन मिनिटास तीन किलोमीटर येतो. तो किनाऱ्यापासून ६० किलोमीटरवर दिसला आणि पांच मिनिटांत विमान उडालें, तर ड्रोन तोंवर ४५ किलोमीटरवर येईल. विमानाचा वेग ताशीं २८० किलोमीटर धरल्यास दोघांची गांठ किनाऱ्यापासून सुमारें २७ किलोमीटरवर पडेल, आणि वळून नेम साधण्यास नऊ मिनिटें मिळतील. तोच ड्रोन ३० किलोमीटरवर दिसला, तर गांठ ९ किलोमीटरवर पडून हातीं तीनच मिनिटें उरतील. विमान तेंच, वैमानिकही तोच. फरक केवळ इशाऱ्याचा. तेव्हां टेहळणीवांचून हलकें विमान म्हणजे उशिरां जागा झालेला पहारेकरी होय.

या मिनिटांस येथें विशेष मोल आहे. पाडलेला ड्रोन नाहींसा होत नाहीं. तो कोठें तरी पडतो. बंदरांतील एका स्फोटाची झळ किती दूर पोहोंचते, हें १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईनें पाहिलें आहे. त्या दिवशीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज पेटून फुटलें आणि शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. तो अपघात होता, शत्रूचा हल्ला नव्हे. पण तेलाच्या टाक्यांशेजारीं राहणारास त्याचा विसर पडूं नये.

त्याच वर्षीं, १३ जूनपासून, लंडनवर जर्मनीचे वैमानिकरहित बाँब येऊं लागले. त्यांचा वेग ताशीं सुमारें ६४० किलोमीटर होता. जुलैच्या मध्यास इंग्रजांनीं तोफा थेट किनाऱ्यावर नेल्या, लंडनच्या अलीकडे फुगे उभारले, आणि विमानांना समुद्र व मधला मोकळा मुलूख वांटून दिला. द्रोणागिरीस तसा मोकळा मुलूख नाहीं. किनारा संपतांच वस्ती आणि कारखाने सुरू होतात. म्हणून येथें विमानाची शिकारभूमि समुद्र हीच. किनाऱ्याचा भार तोफांवर व अन्य साधनांवर राहणार.

आणखीही अडचणी आहेत. रात्रीं बंदूकधाऱ्याच्या डोळ्यांस मर्यादा पडते. जून ते सप्टेंबर कोंकणांतील खालीं उतरलेल्या ढगांत अशी शिकार दुर्घट होते. प्रवासी विमानांच्या मार्गांत व मासेमारी होड्यांच्या डोक्यावर गोळीबार करतांना चूक क्षम्य नाहीं.

विमानें मिळणें त्या मानानें सोपें आहे. नाशिकजवळ ओझर येथें ऑक्टोबर २०२५ मध्यें एचटीटी-४० या पंख्याच्या प्रशिक्षण विमानाच्या उत्पादनाची नवी शाखा सुरू झाली. तें विमान शिक्षणासाठीं आहे. परंतु अशीं यंत्रें देशांत घडतात, एवढें त्यावरून दिसतें. कठीण काम दूरवर पाहण्याचें, वेळेवर कळविण्याचें आणि शत्रु-मित्र ओळखण्याचें आहे. तें साधलें, तर साधेंसें विमानही मोठें काम करील. कारंजाच्या किनाऱ्यावर उभा असलेला माणूस मात्र ड्रोन पडला काय, एवढेंच विचारून थांबणार नाहीं. तो समुद्रांत पडला कीं गांवांत, हेंही विचारील.