काळ्या मातीला आवर घालणारी विद्या

विदर्भ-मराठवाड्यातली काळी कसदार जमीन पाणी धरून ठेवते, म्हणून कापूस आणि ज्वारी तिच्यात तगून राहतात. पण हाच गुण पायाच्या मुळावर येतो. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते. मग दारं अडकतात, फरशी उचलली जाते, भिंतींना तिरक्या भेगा पडतात. सर्वांत जास्त झळ बसते ती एकमजली घरांना, कुंपणभिंतींना, रस्त्यांना आणि कालव्यांच्या अस्तराला, कारण मातीचा फुगारा दाबून धरण्याइतकं वजनच त्यांच्यात नसतं.

या फुगण्याचं मूळ मॉन्टमोरिलोनाइट या खनिजात आहे. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि ते एकमेकांपासून दूर सरतात.

माती किती फुगणार, हे ओळखायची चाचणी अगदी साधी आहे. वाळवून 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली 10-10 ग्रॅम माती काचेच्या दोन मोजपात्रांत घ्यायची, एकात पाणी ओतायचं, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी रॉकेलमधली माती 12 मिलिलिटरवर आणि पाण्यातली 24 वर दिसली, तर मुक्त फुगवटा, म्हणजे रॉकेलमधल्या मातीच्या तुलनेत पाण्यात झालेली वाढ, 100 टक्के.

अशा मातीवरचा जुना, भरवशाचा उपाय म्हणजे चुना. ढेकळं फोडून मातीत साधारण 3 ते 8 टक्के चुना मिसळतात, पाणी मारून मुरू देतात आणि रोलरने दाबतात. चुन्यातलं कॅल्शियम मातीतल्या सोडियमची जागा घेतं, चिकट माती रवाळ होते. पुढे काही आठवडे चुना मातीतल्या सिलिका-अ‍ॅल्युमिनाशी संयोग पावत राहतो आणि थर घट्ट बांधला जातो. मातीत सल्फेट असेल तर मात्र हाच चुना उलटतो आणि माती आणखी फुगते. म्हणून आधी तपासणी हवीच.

दुसरी वाट आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवली. फुगणाऱ्या जमिनीतही साधारण मीटरभर खोलीखाली हालचाल जवळजवळ थांबते, हे त्यांनी हेरलं. मग वरची काळी माती काढून तिच्या जागी न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा दाबलेला थर द्यायचा. योग्य प्रतीचा मुरूमही इथे चालतो, नुसती वाळू नाही. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर ही पद्धत वापरली गेली.

या सगळ्या उपायांचा आधार एकच: मातीची पाण्याशी वागणूक ओळखणं. ही तपासणी मोठ्या प्रकल्पांपुरती राहू नये. आयुष्यभराची पुंजी घालून दोन खोल्या बांधणाऱ्याला तिची गरज सर्वांत जास्त आहे. गावात पाया खणण्याआधी ती व्हायलाच हवी.