वृद्धाश्रमातील चित्रकलेचा तास

वृद्धाश्रमात चित्रकला शिकवायला जाणारे हौशी कार्यकर्ते अनेकदा सोबत मुलांची रंगवण्याची पुस्तके नेतात. उभे आयुष्य संसार ओढलेल्या माणसापुढे ससे नि फुगे ठेवणे हा अपमानच होय.

खरी अडचण बहुधा डोळ्यांची आणि बोटांची असते. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होते व निळ्या-जांभळ्या छटांतील भेद पुसट होतो. मोतीबिंदूच्या काळात क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचीही रंगांची पारख बिघडली होती. १९२३ मध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. म्हणून भरपूर उजेड आणि ठळक, एकमेकांपासून वेगळे उठून दिसणारे रंग हवेत. ब्रशच्या दांड्याला स्पंज गुंडाळल्यास संधिवाताच्या बोटांना पकड मिळते. ब्रश धुण्याचे पाणी मात्र चहाच्या कपात ठेवू नये. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण ते पिऊन टाकू शकतो.

स्मृतिभ्रंशात नावे विसरली, तरी हाताचे वळण पुष्कळदा टिकते. वर्षानुवर्षे चैत्रांगण काढलेल्या आजी कागदावर ठिपके मांडू लागल्या, तर मांडू द्यावेत. 'हे काय काढलंत?' असे विचारू नये, आणि चित्र 'सुधारण्या'साठी आपला ब्रश तर मुळीच टेकवू नये. चित्र भिंतीवर लावायचे की नाही, हेही त्यांनाच विचारावे.