करथकबाकी, वकील आणि फोर्ट विल्यमचा वारसा

कराची मागणी करणारे शासन आणि ती मागणी योग्य की अयोग्य हे ठरविणारेही शासनच असेल, तर करदात्याने दाद कोठे मागावी? भारतात या प्रश्नाचा इतिहास कोलकात्याच्या फोर्ट विल्यमशी जोडलेला आहे.

१७७३ च्या नियामक कायद्यानुसार २६ मार्च १७७४ च्या सनदेने फोर्ट विल्यम येथे सर्वोच्च न्यायालय स्थापन झाले. अ‍ॅडव्होकेट व अ‍ॅटर्नी यांची नोंदणी करण्याचा अधिकार या न्यायालयास मिळाला. तथापि, महसूल हा ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीचा कणा होता. वसुली अधिकाऱ्यांच्या कृतींची न्यायालयात तपासणी होऊ लागताच गव्हर्नर जनरलचे कौन्सिल आणि न्यायालय यांच्यात संघर्ष उद्‌भवला. अखेर १७८१ च्या कायद्याने महसूलविषयक बाबी या न्यायालयाच्या अधिकारकक्षेतून वगळण्यात आल्या. वकील उपलब्ध होता; परंतु महसुलाविरुद्ध त्याला तेथे दाद मागता येईना.

१७९३ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने माल अदालती रद्द करून महसुली दावे दिवाणी अदालतींकडे सोपविले. वसुली करणाऱ्या कलेक्टरकडून न्यायदान काढून घेणे, हे त्यामागील तत्त्व होते. त्याच वर्षी वकिली व्यवसायही नियमबद्ध करण्यात आला.

उच्च न्यायालयांच्या मूळ अधिकारक्षेत्रावरील महसूलविषयक बंधन मात्र १९३५ च्या भारत सरकार कायद्यातही कायम राहिले. ते संविधानाच्या अनुच्छेद २२५ च्या परंतुकाने दूर केले. ४२ व्या घटनादुरुस्तीने वगळलेले हे परंतुक ४४ व्या घटनादुरुस्तीने पुन्हा समाविष्ट केले. कायद्याच्या प्राधिकाराशिवाय कर आकारता येत नाही, असे अनुच्छेद २६५ सांगतो. तर अनुच्छेद २२६ अन्वये उच्च न्यायालयात रिट अर्ज करता येतो.

आयकर कायद्यानुसार वकील, सनदी लेखापाल किंवा नातेवाईक यांना ‘अधिकृत प्रतिनिधी’ नेमता येते. मागणीची नोटीस आल्यावर रक्कम भरण्यास सर्वसाधारणपणे ३० दिवस मिळतात. त्यानंतर दरमहा १ टक्का व्याज लागते. म्हणून सल्ला वेळीच घेणे हितावह ठरते. आकारणीतील चूक दुरुस्त करून घेणे, मुदतीत अपील करणे, वसुलीस स्थगिती अथवा हप्ते मागणे, ही प्रतिनिधीची प्रमुख कामे होत. विभागीय अपिलानंतर १९४१ पासून कार्यरत असलेले आयकर अपील न्यायाधिकरण आणि पुढे, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असल्यास, उच्च न्यायालय असा हा क्रम आहे.

वकील कायदेशीर देणे नाहीसे करू शकत नाही. देणे किती आणि ते कायद्याला धरून आहे काय, याची तपासणी तो घडवून आणतो. फोर्ट विल्यमच्या न्यायालयाकडून १७८१ मध्ये नेमका हाच अधिकार काढून घेण्यात आला होता.